कंसातला छंद

हिंगोलीच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर वर्षातून एखाद्या वेळी एक छोटी बातमी येते. जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयानं मध केंद्र योजनेसाठी अर्ज मागवलेले असतात. ५० टक्के अनुदान, ५० टक्के स्वगुंतवणूक, हमीभावानं मधाची खरेदी, वैयक्तिक मधपाळ, केंद्रचालक, संस्था, बंधपत्र असा सरकारी मराठीचा सगळा थाट त्यात असतो. याच गर्दीत विशेष प्रशिक्षणाची सोय असल्याचंही लिहिलेलं असतं आणि त्याला जोडून कंसात एकच शब्द येतो : 'छंद'. या अंकाचा विषय छंद ठरला, तेव्हा टपालतिकिटं आणि जुनी नाणी बाजूला ठेवून हा कंस उघडून बघायचं ठरलं.

मधासाठी हिंगोलीचं नाव कुणी घेत नाही. इथली ओळख वसमतच्या हळदीची, औंढ्याच्या नागनाथाची, नर्सीच्या नामदेवांची आणि रामलीला मैदानावरच्या दसऱ्याची. मध म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथंच आहे, आणि तिथल्याच डोंगरातलं मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं. पुढे ही योजना राज्यभर न्यायचं ठरलं, तेव्हा निवडलेल्या गावांत औंढा नागनाथ तालुक्यातलं काकडदाभाही आलं. मांघरला जंगल आहे, धुकं आहे, जांभळाचा आणि हिरड्याचा फुलोरा आहे. इथं सोयाबीन, हळद आणि मे महिन्यात ४२ अंशांच्या वर जाणारा पारा. असल्या मुलखात केवळ हौसेखातर पेट्या ठेवणारा माणूस नेमकं करतो काय?

तुरीचा बांध

असे एक सर कळमनुरी तालुक्यात आहेत. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात आणि रविवारी सकाळी शेतावर जातात. बांधावरच्या चिंचेखाली त्यांच्या चार पेट्या आहेत. पेट्यांची तोंडं पूर्वेला, म्हणजे माश्या उन्हाबरोबर कामाला लागतात आणि दुपारचं ऊन पाठीवर जातं. लोखंडी घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असतात. एका रात्री मुंगळ्यांनी आख्खी पेटी हैराण केली, त्यानंतर आलेली ही अक्कल, असं सर स्वतःच सांगतात.

गेल्या नोव्हेंबरातली सकाळ. शेजारच्या शेतात तूर पिवळी झालेली. सरांनी स्मोकरमध्ये गोणपाटाचा तुकडा पेटवला, दारात दोन फुंका मारल्या आणि थोडं थांबले. या थांबण्याला कारण आहे. धूर आला की माश्या मधाच्या घरांकडे धावतात आणि पोट भरून घेतात. भरल्या पोटाची माशी सहसा डंख मारायला उठत नाही. शिवाय एक माशी डंखली की तिथं जो वास सुटतो (पिकल्या केळ्यासारखा असतो तो), तो बाकीच्यांना लढाईवर बोलावतो. धुरात तो वास हरवतो. म्हणून डंख बसला तर बोंबलत पळायचं नाही, नखानं खरवडून तो काटा काढायचा आणि त्या जागेवर धूर सोडायचा.

झाकण उघडल्यावर दिसतात शेजारी शेजारी लटकलेल्या लाकडी फ्रेम. हा शोध वरवर अगदी साधा आहे. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं, की माश्या आपल्या घरात साधारण ६ ते ९ मिलिमीटरची वाट मोकळी ठेवतात. फट त्याहून लहान असली तर त्या ती राळेनं लिंपून टाकतात, मोठी असली तर तिथं पोळं बांधतात. तेवढीच फट सोडून फ्रेम टांगल्या, तर प्रत्येक फ्रेम सुटी उचलता येते. त्याआधी जगभर मध काढायचा म्हणजे पोळं मोडायचं. आपल्याकडे झाडावरचं मोहोळ अजून तसंच काढतात : धूर, कोयता आणि पोळं फडक्यात घालून पिळणं. त्या पिळ्यात अळ्याही चिरडतात, परागही उतरतो आणि मध गढूळ होऊन आंबतो.

सरांनी मधली एक फ्रेम उचलून उन्हाकडे तिरकी धरली. घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी, उभी अंडी. राणी डोळ्यांनी दिसायलाच हवी असा त्यांचा आग्रह नसतो. उभं अंडं दिसलं म्हणजे कालपरवापर्यंत राणी इथं होती. अंडं तीन दिवस अंडं राहतं, पहिल्या दिवशी उभं, मग हळूहळू कलतं आणि तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. गणिताच्या माणसाला हा हिशेब न आवडून कसं चालेल!

हळदीला फूल असून उपयोग काय

पेटी विकत मिळते. तिच्याभोवतीचं शिवार मात्र आहे तसंच घ्यावं लागतं. बाहेरून आणून रुजवलेली मेलिफेरा माशी साधारण दोन-तीन किलोमीटरच्या घेऱ्यातून खाणं आणते, आपली देशी सातेरी त्याहून कमी. म्हणजे पेटीचा मालक एक असला तरी तिचं पोट शंभर शेतकऱ्यांच्या पीकपद्धतीवर चालतं. नव्या माणसानं पेटी मागवण्याआधी वर्षभर, महिन्यागणिक, या घेऱ्यात काय फुलतं ते वहीत लिहावं. सरांनी हे केलं नव्हतं. आता करतात.

त्यांच्या वहीतलं चित्र असं. जिल्ह्याचं मोठं पीक सोयाबीन. त्याचं फूल उघडण्याआधीच बहुतेक परागण आतल्या आत उरकून घेतं, माशीला त्यातून मिळतं ते किरकोळ. हळद तर कंदावर लावायची. तिला दांडा येतो, फूल येतं, पण त्यावर पेटी पोसण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणजे शेतकऱ्याचा खिसा ज्या दोन पिकांवर भरतो, त्यांच्यावर माशी उपाशी राहते. तिची खरी दिवाळी तुरीला. त्यातही एक मौज आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन-७११ हे वाण लवकर येतं, बीएसएमआर-७३६ उशिरा. शेजाऱ्यापाजाऱ्यांत दोन्ही वाणं असली की फुलोरा लांबतो आणि पेटीला आणखी काही आठवडे मिळतात. शेजारी वाण निवडतो ते पाण्याकडे आणि मर रोगाकडे बघून, फायदा आपसूक माशीला होतो.

तुरीनंतर धणे, कुठं ओवा, कुठं कांद्याचं बियाणं, मग बांधावरचा पळस, शेवगा, कडुनिंब, करंज. हरभऱ्याचं फूल बंद दाराचं, त्यावर माशी फारशी रमत नाही. जुन्या माणसांशी बोलताना करडई आणि सूर्यफुलाचा विषय हटकून निघतो. करडईच्या काट्यांतून चालताना धोतर फाटायचं, असं एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी सांगितलं. मराठवाड्यात ही तेलबियांची पिकं सोयाबीनपुढे मागे हटली. तेलाच्या आयातीवर तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत. करडई गेली तेव्हा माश्यांच्या ताटातलं माघ-फाल्गुनाचं जेवणही गेलं, हे मात्र कुणाच्या हिशेबात आलेलं दिसत नाही.

कांदा बियाणं आणि डाळिंबवाले तर पेट्या भाड्यानं घेतात. संकरित बियाण्यात नराच्या ओळीतला पराग मादीच्या ओळीवर नेणारं कुणीतरी लागतंच. मधाचा धंदा करणारे ट्रकभर पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे फिरतात, राजस्थानच्या मोहरीपर्यंत आणि बिहारच्या लिचीपर्यंत. चार पेट्यांच्या हौशी माणसाला ते जमत नाही. तो एका जागी रुजलेला असतो, म्हणून त्याला शिवार वाचावं लागतं.

थवा

फेब्रुवारीत दुपारी अडीचला शाळेत फोन आला : 'सर, तुमच्या माश्या शेवग्याला लटकल्यात.'

सर पोचले तेव्हा शेवग्याच्या फांदीवर दोन नारळांएवढा तपकिरी घोस हलत होता. भोवती दहा-बारा माणसं. कुणी म्हणत होतं पाणी मारा, कुणी माती उधळा. आग्यामोहोळाची दहशत इथं मुरलेली आहे, आणि ती खोटी नाही. आग्या माशी उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला, पुलाखाली उघड्यावर मोठं पोळं लावते आणि उठली तर माणसाचा जीव घेऊ शकते. लटकलेला थवा मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याला राखायला घर नाही, पिल्लं नाहीत, आणि निघताना प्रत्येक माशीनं पोटात शिदोरी भरून घेतलेली. एरवी ज्यांच्याजवळ जाताना जाळी घालावी लागते, त्याच माश्या या तासाभरात सर्वांत शांत असतात.

पेटी फुटते म्हणजे काय होतं? फुलोरा वाढतो, राणी अंड्यांवर अंडी घालते, मेलिफेराची चांगली राणी दिवसाला दीड हजारांच्या वर. घर गच्च होतं. राणीच्या अंगचा जो वास सगळ्या वसाहतीला बांधून ठेवतो, तो गर्दीत सगळ्यांपर्यंत पोचेनासा होतो. मग कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबती घरं बांधतात. ती नव्या राण्यांची. हे घर आठव्या-नवव्या दिवशी मेणानं बंद होतं आणि त्याच सुमारास जुनी राणी निम्म्याअर्ध्या प्रजेला घेऊन बाहेर पडते. सोळाव्या दिवशी नवी राणी जन्मते. इथं थोरली राज्य सोडते आणि भरलं घर धाकटीला ठेवून जाते.

हा आठ-नऊ दिवसांचा आकडा हौशी माणसानं भिंतीवर लिहून ठेवावा. हंगामात दर आठवड्याला पेटी बघितली तर शेंग बंद होण्याआधी हाती लागते. सरांच्या शाळेत त्या वेळी स्नेहसंमेलन होतं आणि दोन रविवार हुकले होते. नुसत्या शेंगा खुडून भागत नाही, गर्दी कायम असेल तर माश्या पुन्हा बांधतात. वर मधाची कोठी चढवून जागा द्यायची, नाहीतर आपणच पेटी वाटायची : अंडी-अळ्यांच्या चार फ्रेम माश्यांसकट नव्या पेटीत, जुनी राणी एकीकडे, राणीचं घर दुसरीकडे. नवी पेटी तीन किलोमीटरच्या आत ठेवली तर बाहेर फिरणाऱ्या माश्या जुन्याच दारात परततात, म्हणून ती काही दिवस पाहुण्यांच्या गावाला पाठवणं बरं.

शेवग्यावरच्या घोसात, बघणाऱ्यांना कळत नव्हतं तरी, सभा भरलेली होती. अशा वेळी काही शे अनुभवी माश्या जागा हुडकायला जातात आणि परत येऊन घोसाच्या पाठीवर नाचतात. नाचाच्या कोनातून दिशा, लांबीतून अंतर. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं. पुढे थॉमस सीली या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवलं, की वेगवेगळ्या जागांचे प्रचारक एकाच वेळी नाचत असतात, चांगल्या जागेचे जास्त वेळ नाचतात, फिक्या जागेचे दमतात, आणि एखाद्या जागी पुरेशी गर्दी जमली की थवा उठतो. कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांनी. ग्रामसभेला इतका वेळ कुणी देत नाही.

सरांनी घोसाखाली टोपलं धरलं आणि फांदीला एक जोरकस झटका दिला. धप्प. निम्म्या माश्या टोपल्यात, निम्म्या हवेत. टोपल्यावर ओलसर गोणपाट टाकून ते जमिनीवर कललेलं ठेवलं. दहा मिनिटांत टोपल्याच्या कडेवर माश्या शेपूट वर करून पंख फडफडवायला लागल्या. राणी आत असल्याची ही खूण, त्यांच्या वासावर बाकीच्या आत येतात. अंधार पडल्यावर टोपलं रिकाम्या पेटीत उलटलं. त्या पेटीत सरांनी दुसऱ्या पेटीतली अळ्यांची एक फ्रेम आधीच लावली होती. पोरकी का होईना, पिल्लं दिसली की आलेली वसाहत सहसा ती सोडून जात नाही.

साखर टाकली का?

मार्चमध्ये मध काढला. फ्रेमवरची निदान तीन-चतुर्थांश घरं मेणानं बंद झाल्याशिवाय ती हलवायची नाही, हा नियम. फुलातला रस पाण्यासारखा असतो. माश्या तो तोंडातोंडी फिरवून आणि रात्रभर पंख्यासारखे पंख चालवून आटवतात. पाणी १८ टक्क्यांच्या आसपास आलं की झाकण लावतात. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात २० टक्क्यांची मर्यादा आहे. घाई करून उघड्या घरांचा मध काढला तर बरणीत फेस येतो. झाकणं गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं सोलायची, फ्रेम मधयंत्रात उभी करायची आणि हँडल फिरवायचं. मध पत्र्यावर आदळून खाली येतो, पोळं अख्खं राहतं. ते पोळं परत देण्याला फार किंमत आहे, कारण किलोभर मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कैकपट मध खावा लागतो.

किती काढायचा, यावर हौशी माणसाची परीक्षा होते. वरच्या कोठीतला मध आपला, खालच्या पिल्लांच्या कोठीतला त्यांचा. सर तर वरचाही सगळा काढत नाहीत.

खरी कटकट पुढं. सरांनी आधीच्या हंगामात हौसेनं वाटलेल्या बरण्या जानेवारीच्या थंडीत तळापासून दाणेदार, पांढरट झाल्या होत्या, आणि एका मेव्हण्यांनी हळूच विचारलं, साखर टाकली का? ज्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर थिजतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. तरी शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनं बाजारातल्या १३ ब्रँडचा मध तपासला, त्यातले १० ब्रँड जर्मनीतल्या चाचणीत टिकले नाहीत. भेसळ करणाऱ्यांनी असे पाक वापरले होते, की जे नेहमीच्या तपासणीत सापडतच नाहीत. मग काडी पेटवून बघणं, पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणं, कागदावर डाग बघणं या घरगुती परीक्षांचं काय? करमणूक म्हणून ठीक.

खुद्द सरांच्या हातून मधात साखर जाण्याचा एक रस्ता आहे, आणि तो त्यांनीच दाखवला. टंचाईत माश्यांना साखरपाणी द्यावं लागतं. ते देताना वर मधाची कोठी असेल, तर माश्या तोच पाक आटवून तिथं भरतात. म्हणून आधी कोठी उतरवायची, मगच साखरपाणी. बरणी देताना सर आणखी एक गोष्ट बजावतात : वर्षाच्या आतल्या लेकराला चाटवू नका. मधात कधी कधी असे जिवाणू असतात, की मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्याला मात्र गंभीर विषबाधा होऊ शकते. बारशाला आलेल्या आज्यांना हे पटवणं पेटी सांभाळण्याहून अवघड.

मे महिना आणि पंप

सरांची सर्वांत पहिली पेटी सातेरीची होती. सातेरी आपली, सह्याद्रीची. व्हरोआ नावाच्या बारीक कोळ्याशी तिचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, त्यामुळे ती अंग झाडून त्याला पुरून उरते. १९६० च्या दशकात हिमाचलच्या नगरोटा बगवानमध्ये रुजवलेल्या मेलिफेराला मात्र या कोळ्यापुढे औषधपाणी लागतं. पण सातेरीला घर आवडलं नाही, खायला मिळालं नाही, पोळ्याला मेणकिडा लागला, की ती निघून जाते. थव्यात निम्म्या जातात, इथं सगळ्या. सर एका मे महिन्यात गावाला गेले, आठ दिवसांनी आले तर पेटीत जाळी धरलेलं पोळं आणि चार वेडे मुंगळे. कुणी काही चोरलं नव्हतं.

आता मे महिन्यात चिंचेखाली ओलं गोणपाट पेट्यांवर पडलेलं असतं. मातीच्या पसरट भांड्यात पाणी, त्यात खडे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पिल्लांच्या जागी ३४-३५ अंश तापमान राखायचं असतं, बाहेर ४३ असलं तरी. त्यासाठी माश्या पाण्याचे थेंब आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी जवळ नसेल तर त्या शेजारच्या गोठ्यातल्या हौदावर जातात आणि भांडण सुरू होतं. तारेवर बसलेला वेडा राघू एकेक माशी टिपत असतो. त्याचा सरांना राग येत नाही. आठ-दहा माश्यांनी पेटीचं काही अडत नाही, म्हणतात.

पंपाचं तसं नाही. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी पडते आणि ऐन फुलोऱ्यात फवारणी होते. दुपारी बाराला, माश्या फुलावर असताना, फवारा बसला तर संध्याकाळी दाराशी सडा पडतो, जिभा बाहेर आलेल्या, गोल गोल फिरणाऱ्या. सरांनी तो एकदा पाहिला आहे. शेजाऱ्याशी भांडून काही हाती लागलं नसतं, पीक त्याचं, कर्ज त्याचं. त्यांनी किलोभर मध नेऊन दिला आणि एवढंच मागितलं, की आदल्या दिवशी सांगा आणि दिवस कलल्यावर फवारा. सांगितलं की सर अंधार पडल्यावर दारं जाळीनं बंद करतात, पाणी ठेवतात, ओलं गोणपाट टाकतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर उघडतात. पलीकडच्या अंगाला बटाईदार दरवर्षी बदलतो, तिथं दरवर्षी नवा किलो जातो.

यंदाच्या पावसाळ्यात फेब्रुवारीतल्या थव्याच्या पेटीची राणी गेली. कधी गेली ते कळलं नाही. सलग पावसात पेटी उघडता आली नव्हती, आणि उघडली तेव्हा घरांत नुसतीच नराची अंडी, एकेका घरात तीन तीन. कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्याची ही खूण. उरल्यासुरल्या माश्या दुसऱ्या पेटीत मिळवल्या. पाचाच्या चार झाल्या.

दसऱ्याच्या आधी पुन्हा गेलं तेव्हा सोयाबीन पिवळं पडत होतं आणि तूर कमरेच्या वर आलेली, कळीला अजून अवकाश. रिकाम्या पेटीच्या फ्रेम उन्हाला लावलेल्या. सरांनी चार वाट्यांत साखरपाणी ओतलं, त्यावर गवताच्या काड्या टाकल्या, झाकणं लावली. दुपारी दिलं तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात, म्हणून दिवस मावळायची वाट बघितली होती. शेजारी बांधावरून विचारत होता, यंदा तुरीला पहिली फवारणी कधी घेऊ. सरांनी खिशातून वही काढली.